गार पाण्यात सुटलेला डाग

अप्पा, तुमची ती गोळी आता मी घेते. सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. कंपनी दुसरी असेल, पाकीट आता चकचकीत आलंय, पण गोळी तशीच आहे, मळकट पिवळसर, घशात अडकते की काय असं वाटायला लावणारी. पहिल्या दिवशी ती तळहातावर घेतली आणि मला तुमचा तळहात दिसला. नखांच्या कडांना लाल रंग बसलेला, बोटं पाण्यानं सुरकुतलेली आणि मधोमध ती गोळी. तुम्ही मान वर करून ती तोंडात टाकायचात, वर तांब्याभर पाणी प्यायचात आणि आईकडं बघून म्हणायचात, "झाडपाल्याची हाय. अपाय न्हाय." हे रोजचं होतं, आई काही बोललेली नसली तरी.

मी अजून भवानी पेठेतच आहे, सासर इथलंच मिळालं ना. तुमचा रंगखाना बंद पडला, तिथं आता टॉवेलचं गोदाम झालंय. मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर असते. म्हणजे तुमच्यासारखीच, दिवसभर उभी आणि दिवसभर वाफेत. "पोरी, बसून करायचं काम बग," असं तुम्ही किती वेळा सांगितलं असेल. बघितलं अप्पा, मिळालं नाही. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढली की पायावर पट्ट्यांचे वळ उठलेले असतात. परवा सहज नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा पडला. लहानपणी हा माझा खेळ होता. तुम्ही कामावरून येऊन भिंतीला टेकून पाय पसरायचात, गुडघ्यामागच्या शिरा निळ्या, गाठी आल्यासारख्या फुगलेल्या असायच्या, आणि मी नडगीवर अंगठा दाबून खड्डा भरून येईपर्यंत बघत बसायचे. तुम्ही हसायचात, "बग, बापाच्या पायात इहीर खणली पोरीनं." तेव्हा तो खड्डा लवकर भरायचा. नंतर नंतर तो भरेना, आणि मीही मोठी झाले, खेळ बंद झाला.

तुमचं काम लाल रंगाचं. निळा, हिरवा कुणीही करायचं, पण चादरीचा लाल रंग मालक तुमच्याशिवाय दुसऱ्याच्या हाती देत नसे. सुताच्या लडी उकळत्या हौदात सोडायच्या, काठीवर फिरवत राहायच्या, उचलायच्या, पिळायच्या, पुन्हा सोडायच्या. तुमचे सदरे, पायजमे, पंचे, सगळ्यांवर लाल शिंतोडे होते. ते जायचे नाहीत आणि आई घालवायच्या भानगडीतही पडायची नाही. तुम्हाला त्याचा केवढा गर्व! "माझ्या हातचा लाल कुटल्याबी पाण्यात सुटायचा न्हाय. गार घाला न्हायतर उकळतं घाला," हे तुम्ही आल्यागेल्याला ऐकवायचात. शेजारी नवीन राहायला आलेली बाई तुमचे दोरीवरचे कपडे बघून एकदा दचकली होती, "अगं बया, ह्ये काय झालं?" तर अख्ख्या गल्लीनं तिला हसून वेड्यात काढलं. रंगवाल्याच्या घरी लाल डाग बघून कोण घाबरतं?

मूळव्याध तुम्हाला कधी जडली ते घरात नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या जागेचं दुखणं तुम्ही सांगणाऱ्यातले नव्हता. एका लग्नाच्या पंगतीत तुम्ही एका अंगावर कलून बसलात आणि मामानं "काय दाजी, गादी आणू का?" म्हणून चिडवलं, तेव्हा आईच्या ध्यानात आलं. मग सुरणाची भाजी सुरू झाली, ताक सुरू झालं आणि शेंगाचटणी बंद झाली. ते शेवटचं काही तुम्हाला सोसलं नाही. आई पाण्याला गेली की तुम्ही डबा उघडून कडक भाकरीच्या तुकड्यावर चटणी घ्यायचात आणि मी बघितलं तर मला डोळ्यांनी दटावायचात. शेवटी आईनं तुम्हाला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं म्हणे, की हे संत्र्या-मोसंबीच्या सालीतून काढलेलं औषध आहे, शिरांना बळ येतं, पायाची सूज उतरते, मूळव्याधीलाही चालतं. महिनाभर घ्या आणि मला दाखवायला या, रक्त थांबलं असलं तरी या. त्यातलं झाडाचं तेवढं तुम्ही ऐकलंत. दाखवायला या म्हटलेलं एकट्या आईनं ऐकलं.

आणि गोळी लागू पडली. हे सांगायलाच हवं, नाहीतर बिचाऱ्या गोळीवर उगाच आळ येईल. तुम्ही पंगतीत मांडी घालून सरळ बसायला लागलात. पायावरची सूज अर्ध्यावर आली. आई म्हणायची, आता एकदा दाखवून या, आणि तुम्ही म्हणायचात, बऱ्या मानसानं डॉक्टरकडं कशाला जायाचं? पुन्हा त्रास सुरू झाला की तुम्ही गोळ्यांच्या पाकिटाचा फाटका तुकडा सदऱ्याच्या खिशातून काढून मेडिकलवाल्याला दाखवायचात, तो नवीन पाकीट द्यायचा. पुन्हा बरं वाटायचं. अशी किती वर्षं गेली ते मी मोजलेलं नाही. मधलं बरं वाटणं मात्र दर वेळी थोडं कमी दिवस टिकायचं, हे मला आज कळतं.

माझं लग्न ठरलं होतं त्या दिवसांतली गोष्ट. आई तापानं पडली म्हणून धुणं माझ्याकडं आलं. तुमचा पायजमा मी गार पाण्यात बुडवला. मागच्या बाजूला एक मोठा डाग होता, लालच, बाकीच्या लाल डागांच्या शेजारी. मी त्याच्याकडं बघितलंही नसतं, पण पाणी बदललं. आधी गुलाबी झालं आणि मग चांगलं लाल. बाकीचे डाग जिथल्या तिथं होते, हा एकटाच सुटत होता. रक्त गार पाण्यात सुटतं हे मुलीच्या जातीला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. मी बादलीत हात घालून तशीच बसून राहिले. तेवढ्यात तुम्ही मोरीशी आलात.

"अप्पा, हे रक्त आहे," मी म्हणाले.

"बापाच्या कापडाकडं काय बगतीस गं? लाज न्हाय वाटत?" तुम्ही मला कधी ओरडत नव्हता, त्या दिवशी ओरडलात. "रंग हाय त्यो."

"तुमचा रंग सुटत नाही."

तुम्ही बादलीकडं बघितलंत. मग खाली वाकलात, वाकताना तोंड वेडंवाकडं झालं तुमचं, आणि ते पाणी स्वतःच्या हातानं गटारात ओतून दिलंत. "आज एक हौद कच्चा निगाला," असं म्हणालात, माझ्याकडं न बघता. अप्पा, तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा आपल्या लालाला नाव ठेवत होता. मी घाबरले ती तेव्हा, रक्त बघून घाबरले नव्हते. मी आईला जाऊन सांगितलं. ती अंथरुणातूनच म्हणाली, "ठाव हाय मला. आता दोन-दोन गोळ्या घ्यायल्यात." आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

लग्नात तुम्ही मला चादर दिलीत. सूत तुमच्या हातानं रंगवलेलं, शेजारच्या तेलुगू मागवाल्याकडून खास विणून घेतलेली. त्या दिवशी तुम्ही मांडवात दिवसभर उभे होता. सगळ्यांना वाटलं, मुलीचा बाप आहे, धावपळ करतोय. तुम्हाला बसवत नव्हतं. डावा पाय उजव्याच्या दुप्पट झाला होता, आणि दाबला तर आता खड्डाही पडत नव्हता, इतका तो टणक लागायचा. मी पाया पडायला वाकले तेव्हा तो पाय मी जवळून बघितला. कातडी ताणून चकाकत होती. तुमच्या पायाला हात लावला तर तो गरम होता. "दोनाच्या चार घेतल्या तरी काय बिगडत न्हाय, झाडाचीच हाय," तुम्ही मला उठवत म्हणालात, मी विचारलेलंही नसताना.

पुढं मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं ते तुम्ही रंगखान्यात चक्कर येऊन पडलात म्हणून. मी सासरहून आले होते. तिथल्या डॉक्टरांनी पडदा ओढून तपासलं आणि बाहेर आले तेव्हा ते आधीसारखे भराभरा बोलत नव्हते. रक्त कधीपासून जातंय म्हणाले. "जुनी मूळव्याध हाय," तुम्ही आतूनच ओरडून सांगितलंत. ते म्हणाले, मूळव्याध आहेच, पण वर आतड्यात दुसरंच काही वाढलंय, पायात रक्ताची गाठही झाली आहे. मी तुमच्या सदऱ्याच्या खिशातलं पाकीट दाखवलं, तर त्यांनी ते बघून परत दिलं. "गोळी वाईट नाही हो. तिचं काम तिनं केलं. यांनी पुन्हा दाखवायला यायला हवं होतं." रिक्षातून परत येताना तुम्ही म्हणालात, "उगं इतकी वरसं शेंगाचटणी सोडली की गं." आई हसली आणि हसता हसता रडायला लागली. पुढची दिवाळी तुम्ही बघितली नाहीत.

आता माझं ऐका. मला ही मूळव्याध दुसऱ्या बाळंतपणापासून आहे, पायांचं दुखणं इस्त्रीच्या टेबलानं दिलं. दोन्ही वाढलं तेव्हा मी तुमच्यासारखी मेडिकलमध्ये गेले नाही, सरळ डॉक्टरीणबाईंकडं गेले. मला वाटलं, मी शहाणी. त्यांनी विचारलं, वडील कशानं गेले? मी खरं तेच सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. गोळी लिहून देते म्हणाल्या, पायात घालायला घट्ट मोजे घ्या, पण दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करायचीच. गोळीनं बरं वाटलं तरी करायची. मी मान हलवली. गोळी सुरू केली आणि अप्पा, बरं वाटलं हो. पाय हलके झाले. रक्त थांबलं. मी तपासणी एकदा शाळांच्या हंगामामुळं पुढं ढकलली, एकदा पाहुणे आले म्हणून. दोन्ही वेळा मनात म्हणत होते, बऱ्या माणसानं कशाला जायचं? कुणाचं वाक्य आहे हे कळत होतं, तरी म्हणत होते. या बरं वाटण्याची मला जेवढी भीती वाटते तेवढी दुखण्याची कधी वाटली नाही.

रक्त पुन्हा सुरू झालंय. बाईंनी उद्याची वेळ दिली आहे, आणि या वेळी बोलताना त्या हसल्या नाहीत. आदल्या दुपारपासून, म्हणजे आजच, पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून घोट घोट प्यायची. ती पुडी डाळीच्या डब्यामागं ठेवली आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

आज चार दिवसांनी नळाला पाणी आलं. सुट्टीचा दिवस, म्हणून धुणं माझ्या धाकटीनं घेतलं. तुम्ही तिला बघितलं नाहीत. तुमच्या चादरीत गुंडाळूनच तिला दवाखान्यातून घरी आणली होती, ती चादर अजून आहे आणि तिचा लाल तुम्ही सांगितलात तसाच आहे. आता पोरगी माझ्याच कारखान्यात बटणं लावते. तुमच्याबद्दल तिला एवढंच सांगितलंय, की आजोबा आजारपणात गेले. मी मेथी निवडत बसले होते. ती मोरीतून माझा परकर हातात घेऊन आली.

"आई, हे काय लागलंय गं?"

मी मान वर केली नाही. "रंग लागलाय कापडाचा," म्हणाले. अगदी सहज आलं तोंडात. तुमच्या आवाजात आलं.

"कुठल्या कापडाचा?"

मी मेथीची पानं खुडत राहिले. या हंगामात आमच्याकडं निळ्या कापडाशिवाय दुसरा तागा आलेला नाही, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती परकर घेऊन परत मोरीत गेली. बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला, गार पाण्याचा. चुलीवर गरम पाणी तापलेलं होतं, ते तिनं घेतलं नाही. मग घासल्याचा आवाज काही आला नाही. मी समजले, ती बघत बसली आहे. मला वाटलं, आता ओतून देईल. तिनं ओतलं नाही. बादली उचलून आणली, माझ्यासमोर मेथीच्या शेजारी ठेवली आणि दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेली.

ती गेल्यावर मी लिहायला बसले. हे पत्र कुठं जाणार, गटारात टाकलं तरी तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, हे मलाही कळतं. तिला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं आणि मी तुम्हाला सांगत बसले आहे, ज्यांना ते माझ्याआधीपासून माहीत आहे. दुपार कलली. गिरणीत एवढा वेळ लागत नाही, ती मुद्दाम थांबली असेल, मला वेळ देत असेल. खरं सांगू का अप्पा? तुमची आठवण आली म्हणून मी लिहायला घेतलं नाही. हातात पेन असलं की पुडी घ्यायला हात मोकळा राहत नाही, म्हणून लिहीत राहिले. बादली समोरच आहे. जिन्यावर तिच्या चपला वाजतायत आणि पुडी मी अजून फोडलेली नाही.