आबांची सिग्नल-पद्धत

६ सप्टेंबर १९३७, सोमवार
आबा आज पुन्हा रुळांवर सापडले. घाटात बेचाळीस वर्षं सांधेवाले होते. इंजिनाची शिटी ऐकली की गाडीसाठी रुळांचे सांधे बदलायला निघतात. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, हे डोक्यात राहत नाही. मलाही ओळखत नाहीत. शेजारचे दत्तोबा म्हणाले, तळेगावला आश्रमात ठिवा, तितं असल्या म्हाताऱ्यांचं लय बघत्यात. मी ठणकावलं, मी जिवंत असताना बाप परक्याच्या दारी जाणार नाही. आमची ही आबांचे चिखलाचे पाय धुवायला बसली.

७ सप्टेंबर
निश्चय. उद्यापासून आबांचं सगळं मी करणार. पहाटे पाचला अंघोळ.

८ सप्टेंबर
जाग उशिरा आली. अंघोळ हिने घातली. देखरेख माझीच.

११ सप्टेंबर
जालीम उपाय सापडला. सांधेवाला सगळं विसरेल, बावटा विसरणार नाही. स्टेशनातून जुने लाल-हिरवे बावटे आणले. लाल दाखवला, आबा जागच्या जागी उभे. हिरवा दाखवला, चालू लागले. दत्तोबांदेखत तीनदा करून दाखवलं. ही म्हणाली, आबा काय खेळणं हायेत व्हय. बायकांना रेल्वेचं शास्त्र कळत नाही.

१३ सप्टेंबर, संध्याकाळी ५
सकाळी सहाला दाराला लाल बावटा लावून स्टेशनात तिकीट-बुकिंगवर गेलो. दिवसभर निर्धास्त. ही दोनदा खिडकीशी आली होती. लोकांसमोर घरच्या गप्पा नकोत म्हणून हातानेच परत पाठवली.

घरी आलो तर कळलं, आबा सहापासून दारात उभे होते. बसले नाहीत, जेवले नाहीत, धोतर ओलं झालं तरी हलले नाहीत. हिने लाल बावटा काढला, तर म्हणाले, हिरवा दावल्याबिगर हलाया येत न्हाई. हिरवा माझ्या पेटीत, किल्ली माझ्या खिशात. शेवटी दुपारी तीनला हिने आपलं हिरवं लुगडं काठीला बांधून हलवलं, तेव्हा बसले. पाय सुजलेत.

पद्धत अचूक आहे. अंमलबजावणीत किरकोळ चूक. मला कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर
ही म्हणाली, आबांना तळेगावला न्यायचं. विचारलं नाही, सांगितलं. मी कडक विरोध नोंदवला आहे. इथे.

१९ सप्टेंबर, रविवार
तळेगाव. आश्रमातल्या झुंबरबाईंनी विचारलं, कोणत्या कुशीवर झोपतात, कशाला भितात, भाकरी कशात कुस्करून लागते. मी आबांचं सर्व्हिस सर्टिफिकेट पुढे केलं. हिने सगळं सांगितलं. सांगता सांगता रडली. मी आढ्याकडे बघत होतो.
आठ दिवसांत आबांना परत आणतो. लिहून ठेवतो.

२६ सप्टेंबर, रविवार
आबांना आणायला एकटाच गेलो. त्यांचं परतीचं तिकीटही काढून ठेवलं होतं. आबा ओसरीवर उन्हात बसलेले. दाढी केलेली, पायांची सूज उतरलेली. मला स्टेशनमास्तर समजून उठायला लागले, या मास्तर म्हणाले. मग हात धरून जवळ बसवलं आणि म्हणाले, माझा ल्योक लोणावळ्याला तिकिटं देतो. लय हळवा हाय, माझ्यापायी जीव काढतोय. त्याला म्हनावं, म्या हितं बरा हाय, तू आता पोटभर जेवत जा.

सांगतो, म्हणालो.