त्या चार बाटल्या

गुरुवार, ११ तारीख
कारखान्याचा जिना, जेवणाची सुट्टी

लाडक्या ताईस,

वाकून नमस्कार. (वाकले नाही, पायरीवर बसलेय.)

आम्ही सगळे बरे. तूही बरी असशील, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पत्र तुझ्या पार्लरवाल्या मैत्रिणीकडे ठेवते. काल "माझ्याकडे नाहीये ती" म्हणाली, पण दारात तुझी निळी चप्पल होती. मी भांडले नाही. एक चप्पल तेवढी उचलून आणली.

इकडे धमाल. सुपरवायझरच्या कोटाच्या बाह्या आतून शिवून टाकल्या. हात घालतोय, घालतोय, बाहेर येतच नाही! काजं-बटणंवाल्या सगळ्याजणी टेबलाखाली. माझा अर्धा दिवस कापला, पण वसूल. घरी आईला नक्कल करून दाखवली तर हसलीच नाही. तुझ्या कॉटवर बसून टीव्ही बघते हल्ली, आवाज बंद करून. तू हसली असतीस.

बरं, तुझी मुलगी.

तू वॉर्डातून निघून गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. ती अजून दोन किलोसुद्धा नाही. सारखी थरथरते, शिंकते. रडते ते असं बारीक, टोकदार. दूध ओढायला लागते आणि मध्येच सोडून देते. नर्सबाई म्हणाल्या, "आईच्या नशेच्या पावडरची सवय हिला पोटातच लागली. नाळ कापली आणि ते बंद झालं. आता अंग मागतंय." एवढुशी आहे गं, तिला काय हवंय तेही सांगता येत नाही.

औषधाचे थेंब देतात, हळूहळू कमी करणार म्हणे. दिवा मंद ठेवतात. घट्ट गुंडाळून छातीशी धरायचं. मी रोज चार ते सहा धरते. काल वीस मिनिटं शांत होती. नाक तुझं आहे, नशीब तिचं!

आता पुढचं तीनदा खोडून लिहितेय.

पोटुशी असताना तू दवाखान्यात "पावडर सोडली" म्हणून सांगितलंस, म्हणून ते दर महिन्याला लघवी तपासायचे. आणि तू बाटली देऊन तुझ्याऐवजी मला संडासात ढकलायचीस. चार वेळा. मला गंमतच वाटली. रिपोर्ट स्वच्छ आला की मी म्हणायचे, "शाळेत कधी धड पास झाले नाही, इथे बघ पहिला नंबर!" तू भिंतीला टेकून हसायचीस. तू हसावंस म्हणून मी काहीही केलं असतं ताई. तेच केलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं. वाटलं, कानाखाली देतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तेव्हा कळलं असतं तर तिला औषधावर ठेवलं असतं. एकदम बंद करणंही पोटातल्या बाळाला धोक्याचं असतं, पण आमच्या नजरेखाली हळूहळू सोडवता आलं असतं. कदाचित बाळ इतकं लवकर आलं नसतं."

कदाचित म्हणाल्या. तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही.

मी विचारलं, "ती आली तर हाकलाल?"

"हाकलायचं कशाला? घेऊन ये. तिलाही औषध सुरू करू."

ऐकलंस ना? घेतलेलं असलं तरी ये. किती घेतलं, कधी घेतलं, ते तसंच्या तसं सांग. मी शेजारी उभी राहीन, मध्ये एक अक्षर बोलणार नाही. (बोलले तर चिमटा काढ.)

काल नवीन नर्सने विचारलं, "आई का तुम्ही?" तुला माहीत आहे, थाप मारायला मला काय वेळ लागतो. "हो" अगदी ओठावर आलं होतं. आणि खरं सांगू, म्हणावंसं वाटलं. म्हणून घाबरले. "मावशी" म्हणाले आणि बाळाला घट्ट धरलं.

ती माझ्या अंगाच्या वासाला सरावायच्या आत ये गं. मला दुसरं काही व्हायचं नाहीये.

रोज चार वाजता, वॉर्डाच्या दारात,
तुझ्या मुलीची मावशीच