वीरभान विहिरीच्या काठावर

प्रिय भारत,

तू पाठवलेलं जाडजूड पुस्तक परवा पोचलं. एस.टी.च्या पार्सलात एक कोपरा दुमडलाय, पण चित्रं लई झकास आहेत. ड्रॅगन बघायला हबीब केळ्यांचा गाडा भर बाजारात सोडून आला. चिठ्ठीत तू लिहितोस, जुन्या खेळाच्या नियमांची ती झेरॉक्स आता फेकून द्या, या नव्या खेळात प्रत्येक गोष्टीला नियम आहे आणि पात्रं अशी पटापट मरत नाहीत. तुझं प्रेम कळलं रे. पण राग मानू नकोस, आम्ही जुनाच खेळतो आहोत आणि जुनाच खेळणार.

तूच तर शिकवलास. एकानं भुयार रचायचं, बाकीच्यांनी कागदावर मांडलेला आपापला गडी घेऊन त्यात उतरायचं, काय करायचं ते तोंडानं सांगायचं आणि अवघड जागी वीस बाजूंचा फासा टाकायचा. तू गेल्यापासून भुयार मी रचतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तारांची वेटोळी भरून देणाऱ्या माणसाला गुंता करायला काय शिकवायचं! बैठक अजून दूध संस्थेच्या खोलीतच असते, सकाळचं दूध गेल्यावर. मला सगळे सेक्रेटरी म्हणतात, कारण संस्थेच्या सेक्रेटरीसारखं सगळं मला ठाऊक आणि मत द्यायचा हक्क मात्र नाही. तुमच्या शेजारच्या तुळजामावशी चोर झाल्यात. जन्मात दुधात पाणी न घातलेली बाई, पण भुयारातली कुलपं अशी उघडते की मला धडकी भरते.

आता जरा बसून वाच. नानाही खेळतात. हो, तुझेच वडील, आपले चेअरमन. दुष्काळातल्या त्या सभेत तू उभा राहून संस्था बंद करा म्हणालास, नाना सगळ्यांदेखत म्हणाले, 'मंग माझ्या दारात पाऊल ठिवू नगंस,' आणि तू पुण्याची गाडी धरलीस. तेव्हापासून तुमचा अबोला. तू फोन मला करतोस आणि त्यांची तब्येत विचारत नाहीस, पण बोलणं संपवतही नाहीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात ते आम्हाला हाकलायलाच आले होते. 'संस्थेत जुगार खेळता व्हय रे?' मग चौकटीच्या कागदावरच्या नकाशाकडे त्यांची नजर गेली. त्यात मी एक विहीर काढली होती. 'हितं पाणी किती फुटावर लागलं?' मी म्हणालो, तेच बघायला चाललोय नाना. पेंडीच्या पोत्यावर बसले ते दुधाची वेळ होईपर्यंत उठले नाहीत.

नाना आले आणि भुयारात सहकार शिरला. दार उघडायचं तरी ठराव, त्याला सूचक, त्याला अनुमोदक. एकदा राक्षस समोर उभा आणि यांची चर्चा चाललेली, लढायचं की पळायचं. मी आपला नियमाप्रमाणे मशालीचं तेल कमी करत होतो. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि मशाल विझली. हबीबचा जादूगार त्या अंधारात गेला तो गेलाच, आता दुसरा आणलाय. नाना आधी माझ्यावर भडकले. मग स्वतःशीच म्हणाले, 'बरोबर हाय. दुष्काळ काय आपली मिटिंग संपायची वाट बघतो व्हय?' मला तुझी आठवण आली, त्यांनाही आलीच असणार.

तुझं पुस्तक मी त्यांना वाचून दाखवलं. एक मंत्र म्हटला की पाणी, दुसरा म्हटला की उजेड. नाना म्हणाले, 'पाणी असं भेटतंय तर ही मान्सं खाली उतरत्यात कशापायी?' मी सांगितलं, यात गडी सहसा मरत नाही. नानांनी पुस्तक मिटून माझ्याकडं सरकवलं. मग म्हणाले, 'ज्याला कायबी व्हत न्हाई, त्याची काळजी कशी करावी मानसानं?'

ते काळजी करतात ती तुझ्या वीरभानची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, भारतचा गडी कंचा, आणि तो कागद आपल्यापुढं ओढून घेतला. पाण्याची मशक आधी वीरभानची भरायची, रांगेत त्यानं मधोमध चालायचं. एवढा तलवारबहाद्दर, पण नानांनी त्याला अजून ओरखडा येऊ दिलेला नाही. मला हसू येतं.

बाकी इकडं बरं आहे. यंदा चारा आहे, दूध वाढतंय, बंद पडलेलं शीतयंत्र गेल्या आठवड्यात मी पुन्हा चालू करून दिलं. तुझ्या अंदाजापेक्षा संस्था चिवट निघाली. हे मी तुला चिडवायलाच लिहितोय.

आता पत्राचं कारण. काल आम्ही त्या विहिरीशी पोचलो. तळाला पाणी आहे आणि पाण्यावर नाग बसलाय. दोर वीरभानकडे आणि नागाशी तलवारीनं झुंजणाराही तोच, म्हणजे उतरायचं त्यानंच. एकच फासा. आकडा कमी पडला तर वीरभान संपला, जुन्या खेळात दुसरी संधी नाही. नानांनी फासा मुठीत धरला. मग तो माझ्यापुढं ठेवून म्हणाले, 'ह्यो मी टाकणार न्हाई. ज्याचा गडी हाय त्यानं घरी यावं आन् त्यानं टाकावा.' तुळजामावशींनी विचारलं, 'चेअरमन, ह्यो ठराव समजायचा का?' नाना खाली बघत म्हणाले, 'समजा.' मावशींनी अनुमोदन दिलं, हबीबनं हात वर केला आणि मत नसताना मीही केला. मशालीचं तेल कमी करणं मात्र मी थांबवून ठेवलं आहे, सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच. आज दुपारी नानांनी दारातूनच विचारलं, 'अजून जळती हाय ना रे?' मी हो म्हणालो. तू दिवाळीपर्यंत थांबू नकोस. ये.

तुझाच, मत नसलेला सेक्रेटरी,
सत्तार