मागची भिंत

सूर्यभानदादा, नमस्कार.

आपलं तिसगावचं रिकामं घर ग्रामपंचायत सरकारी निधीतून विकत घेणार, दुरुस्त करणार आणि ऊसतोडीच्या रंगुबाईला राहायला देणार, असं ठरलं होतं. ते अडलं म्हणून काल फोनवर तू ग्रामसेवकाला नाही नाही ते बोललास. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. पण खरेदी मीच थांबवली.

खरेदीआधी घर तपासायला आलेल्या इंजिनिअरसाहेबांनी मागच्या भिंतीला ओळंबा लावला. म्हणाले, "वा हनुमंत मिस्त्री, रेषेत आहे!" रेषेत आहेच. पण ती मी एकोणिसाव्या वर्षी बांधली, नुसतं बघून शिकत होतो तेव्हा. दगडी भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवायला मधूनमधून आरपार लांब दगड घालतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एकही घातलेला नाही. रंगुबाई त्याच भिंतीपाशी उभी राहून म्हणाली, "हितं पोरांच्या गोधड्या टाकीन." मग मला बोलावंच लागलं.

आता ती चिडलीय. "मिस्त्री, तुमच्या शहानपनापायी आमी पाचटाच्या कोपीतच ऱ्हायचं व्हय?"

आज पंचायतीत लिहून दिलं, की ही भिंत मी चुकीची बांधली. ती उतरवून मीच पुन्हा बांधतो, मग घर घ्या.

तेच तुला कळवायला मात्र हात धजत नाही. घरी पाहुणा आला, की चहाच्या आधी तू त्याला मागच्या अंगाला न्यायचास आणि म्हणायचास, "हे आमच्या धाकट्यानं बांधलंय."

तुझा धाकटा,
हनुमंत