बाटलीला साधा पोचा नाही

अहो,

मी कामावर निघाले. डबा ओट्यावर आहे. बाटली मुद्दामच भरली नाही.

भट्टीवर रोज न्यायला हवी म्हणून चार दुकानं पालथी घालून तुम्ही ही स्टीलची, रुंद तोंडाची बाटली निवडलीत. जुनी प्लास्टिकची आठवड्यात काळीकुट्ट व्हायची, दोनदा भरूनही पुरायची नाही. हिला महिना झाला. ना काजळी, ना साधा पोचा, आणि संध्याकाळी अर्धी भरलेली परत येते. विचारलं तर म्हणता, हल्ली तहानच लागत नाही. भट्टीसमोर?

मी काही दूधखुळी नाही. नोकरी असेल तर आज ही बाटली काळी करून आणा. तव्याची काजळी फासू नका, मला कळते.

नसेल, तर उगाच उन्हात भटकू नका. घरीच थांबा. मी लवकर येते.