डाव्या चाकाची पिन

मामा, आज ती पिकअप माझ्या दारात आली. हिरवा रंग उडून गेलाय, हौद्याला नव्या फळ्या मारल्यात, पण मागचं डावं मडगार्ड अजून तसंच चेपलेलं आहे, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तुम्ही गेल्यावर मी भोर सोडलं आणि शिवऱ्याला हायवेच्या कडेला गॅरेजची पत्र्याची शेड टाकली. दारावर पाटी मीच रंगवली. ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून मग रंग भरला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मास्तर, गाडी पाटी वाचून थांबत न्हाई." शाळा सातवीत सुटली आणि आईने मला तुमच्या हाताखाली दिलं, त्या दिवसापासून तुम्ही मला मास्तरच म्हणत आलात. पहिल्याच दिवशी याच पिकअपला मी पाना लावून सगळा जोर काढला आणि डाव्या चाकाचा नट सुटायच्या ऐवजी अजून आवळला गेला. या गाडीचे डावीकडचे नट उलटे सुटतात, हे तुम्ही आधी सांगितलंच नव्हतं. सांगितलंत ते सगळं गिऱ्हाईक हसून झाल्यावर.

ही पिकअप भोरच्या एका व्यापाऱ्याने मिलिटरीच्या लिलावातून आणलेली. वेल्ह्याकडून हिरडा आणि तांदूळ भोरला यायचा तो तिच्यातून. पावसाळाभर उघड्यावर उभी राहायची आणि मागचे ब्रेकचे ड्रम गंजून घट्ट धरायचे. चाक ज्यावर बसतं ते तिचं मागचं हब एक्सलच्या निमुळत्या टोकावर बसतं, त्यावर एक मोठा नट, आणि नट फिरू नये म्हणून त्यातून आडवी घातलेली पिन. गंज चढला की नट निघतो, हब काही निघत नाही. ती ब्रेकच्या कामाला आली त्या दिवशी आपण रॉकेल ओतलं, ब्लो लॅम्पने तापवलं, घण घातला. हब ओढून काढायचा पुलर लावला तर त्याचाच स्क्रू वाकला. समोरच्या हॉटेलात बसलेली माणसं बघत होती आणि तुमचा चेहरा लाल होत चालला होता. जुनी पिन काढताना तुटली होती, म्हणून तुम्ही मला नवी आणायला बाजारात पाठवलंत. मी निघालो तेव्हा नट परत घट्ट आवळलेला होता. ते मी बघूनच निघालो होतो, कारण मी बघतोच.

परत येतो तर गाडी नाही. तुम्ही हात पुसत उभे. मी विचारतो, "मामा, पिन?" तुम्ही म्हणता, "उद्या बघू. व्यापारी घाई करत होता, दिली लावून." मी पुन्हा विचारतो, नट आवळलाय ना? तुम्ही म्हणता, "आता तू मला शिकिवनार व्हय?" मी पिन खिशात टाकतो.

त्याच दिवशी वेल्ह्याच्या वाटेवर, पालीच्या अलीकडच्या उतारावर डावं चाक हबासकट निघालं. मागे बसलेला हमाल खाली पडला आणि त्याच्या पायावर गाडी कलंडली. पाय बसवला, पण वाकडा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या शेडपुढे व्यापारी, ड्रायव्हर, हॉटेलातली माणसं, सगळी जमली. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "याला सांगून ठेवलं व्हतं पिन घाल म्हणून. मास्तर साऱ्या जगाचे नट तपासतो, आन नेमकी हीच ऱ्हायली." एक-दोघं हसले. पिन तेव्हा माझ्या खिशात होती. मी मुठीत धरली होती, टोचत होती. घरी आई म्हणाली, मामाच्या तोंडावर उलट बोलायचं नसतं. मग बोललो नाही. त्यानंतर ब्रेकचं काम घेऊन आलेला प्रत्येक जण आधी विचारायचा, "मिस्त्री, तुमीच करनार ना? भाच्याचा हात नको बरं का." आणि तुम्ही म्हणायचात, "मीच करतो." तो हमाल बाजारात मला बघितलं की लंगडत पलीकडच्या बाजूला जायचा.

थोड्या दिवसांनी तुम्ही पुण्याहून नवा पाना आणलात आणि कागदात गुंडाळून माझ्या वळकटीवर ठेवलात. मला कळलं तो कशाबद्दल होता, आणि तो घेतल्याचा अजून राग येतो. पुढच्या वर्षी तुम्हाला कावीळ झाली. मी उशाशी बसून पाणी पाजायचो आणि वाटायचं, आता बोलतील. शेवटच्या दिवशी तुम्ही ओठ हलवलेत म्हणून मी कान जवळ नेला. तुम्ही विचारलंत, शेडला कुलूप लावलं का.

आज ड्रायव्हर तोच होता, केस पिकलेत. ड्रम तसाच धरलेला. माझा पुलर मोठा आहे. तो ताणून ठेवला, नट दोन आट्यांवर राहू दिला, म्हणजे हब सुटलं तरी अंगावर येत नाही. मग आम्ही चहा घेत बसलो. तो एकाएकी म्हणाला, "तवा म्या बघितलं व्हतं. हाटेलात बसलो व्हतो. तू बाजारात गेलास, आन मामांनी सोताच्या हातानं नट ढिला केला. मैदानावर गोल गोल गाडी फिरवली, हिसक्यानं हब सुटंल म्हनून. न्हाई सुटलं. तेवढ्यात शेट आला. मला वाटलं, आवळला आसंल परत."

"मग दुसऱ्या दिवशी का बोलला न्हाईत?"

"मिस्त्रीला कोन बोलनार बाबा? वेल्ह्यापातुर दुसरा कोन व्हता गाडी बघनारा? आन तू घरचाच. तुला कोन हाकलत व्हतं?" कप खाली ठेवून तो म्हणाला, "त्यो हमाल आता भोंगवलीला आसतो. सांगू का त्याला? जाता जाता सांगतो की."

इतकी वर्षं मला हेच हवं होतं. कुणीतरी बघितलेलं असावं, आणि त्याने त्या माणसाला जाऊन सांगावं. आणि मी म्हणालो, "न्हाई. पिन माझ्याच हातनं ऱ्हायली."

तो म्हणाला, "बरं, तसं." आणि बाहेर गाडीकडे गेला. हब संध्याकाळी आपोआप सुटलं. ब्रेकचं काम उरकून मी नट आवळला, पिन घातली, टोकं वाकवली, पुन्हा बघितलं. तो गेला, आणि हमालाला आता कुणी काही सांगणार नाही.

हा कागद कुठे पोस्टात टाकायचा नाही, म्हणून खरं ते लिहितो. तुमचं नाव राखायला मी तसं बोललो असतो, तर मला आज बरं वाटलं असतं. पण तसं नव्हतं. त्याने विचारलं तेव्हा तुम्ही मागे हात पुसत उभे आहात असं मला वाटलं, आणि मी घाबरलो.