बाळंतपणाची रजा, तीही बापाला

डोंबिवली पूर्व,
शुक्रवार

तीर्थस्वरूप शकूअक्काच्या चरणी धाकट्या पंढरीचा दंडवत.

इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे माझं पित्त, सरोजची कंबर आणि इमारतीची लिफ्ट सोडली तर. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या हेमाने पाठवलेले वाल पोचले. निम्मे भिजवले, निम्मे मी लपवून ठेवले आहेत (डेन्मार्कला राहणाऱ्यांना वाल इतके आवडतील असं वाटलं नव्हतं). खडवलीला पहाटे गार असेल, कान बांधून झोपत जा. मला मात्र झोप नाही. का नाही, हेच सांगायला बसलोय. मन घट्ट कर, वाईट काही घडलेलं नाही. पण वाईट घडलेलं नाही हे कळायला मला तीन आठवडे लागले, तेव्हा तूही जरा धीर धर.

सुशांत, ऐश्वर्या, सान्वी आणि आठ महिन्यांचा सर्वेश असे चौघे महिन्यापूर्वी आले, हे तुला ठाऊक आहेच. एरवी आपला सुशांत पंधरा दिवसांसाठी येतो आणि त्यातले दहा दिवस लॅपटॉपपुढे असतो. या वेळी त्याने लॅपटॉप आणलाच नाही. सकाळी उठतो, पोराचा डायपर बदलतो, त्याला छातीशी झोळीत बांधतो आणि मासळी बाजारात जातो (पुढे पोर, हातात बांगड्यांची पिशवी, आणि चेहरा असा की जणू बढती मिळालीय). मी विचारलं, रजा किती? म्हणाला, अकरा आठवडे. कशाची? म्हणाला, बाळंतपणाची. मी म्हटलं, ती सूनबाईची झाली, तुझी कुठली? म्हणाला, "बाबा, माझीच सांगतोय. तिची वेगळी आहे."

अक्का, तुझ्या भावाने पस्तीस वर्षं रंगाच्या फॅक्टरीत काढली. आमच्या मारुती हेल्परला साहेबांनी दोन महिने घरी आराम करायला सांगितलं होतं, तो आराम अजून चालू आहे. तेव्हा अशी रजा म्हटली की मला मारुतीच दिसतो. त्यात एकदा सुशांतने मोबाइलवर पगाराचा कागद दाखवला. शंभरातले जवळजवळ चाळीस कापलेले. आमच्याकडे इतका पगार कापायचे तो ड्रम सांडल्यावर. मी मनात हिशोब जुळवला: पोराने तिकडे काहीतरी मोठं सांडलंय, आधी दंड केला, मग घरी बसवलं, आणि हा बायकोपुढे बाळंतपणाचं नाव सांगतोय. सरोजला बोललो नाही, तिचा रक्तदाब आहे. (माझाही आहे, पण तो मी कुणाला सांगत नाही. आता तुला सांगितला.)

मग मी एक शहाणपणा केला. माझे जुने सुपरवायझर महिपत साहेब ठाण्याला असतात, त्यांच्या मुलाची, हितेशची, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांची कंपनी आहे. सुशांतचंही काम तेच. कपाटातून त्याचा कॉलेजात असतानाचा बायोडेटा काढला (त्यात छंद म्हणून कॅरम लिहिलंय), दवाखान्यात जातो असं सांगून बसने ठाणे गाठलं, पुढे रिक्षा केली, आणि हितेशच्या ऑफिसात थंडगार हवेत बसून, तुला खोटं कशाला सांगू, थोडा रडलो. म्हटलं, गुणी पोरगा आहे, परदेशात बुडाला, पदरात घ्या. हितेशने विचारलं, काका, तिकडे नक्की काय करत होता? मला जेवढं कळतं तेवढं सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच. मला वाटलं, आता बाहेरचा रस्ता दाखवतो. त्याने मला चहा आणि बिस्किटं मागवली.

दुसऱ्या दिवशी सुशांत सर्वेशला अंघोळ घालत असताना फोन वाजला. ऐश्वर्याने तो स्पीकरवर धरला. पलीकडून हितेश म्हणाला, तुमची नोकरी गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं, पण आमच्या दृष्टीने चांगलंच झालं.

"कुणाची नोकरी गेली?" ऐश्वर्या.

"मलाही आत्ताच कळतंय," सुशांत.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. सरोजने तर आधीपासूनच पाहिलेलं.

त्या दिवशी मला चार जणांनी मिळून सगळं समजावलं. (सान्वी पाच वर्षांची, पण तीही समजावत होती.) नोकरी जागच्या जागी आहे. पोर जन्मलं की तिथे बापालाही रजा, त्या रजेत पैसे मिळतात, आणि न घेतली तर तिथले लोक विचारतात, का रे बाबा, घरी काही बिनसलंय का? पगारातून कापलेलं तो दंड नव्हे, कर. मी म्हटलं, एवढा कर? दरोडाच की. तर सुशांत म्हणाला, बाबा, मग ऐका. सर्वेशच्या वेळी इस्पितळाचं बिल किती आलं सांगा. मी घाबरत एक आकडा सांगितला. म्हणाला, बिलच नाही. सान्वीच्या शाळेला फी नाही. डॉक्टरकडे गेलं तर पाकीट काढायचं नाही. हे सगळं ऐकून मी मान हलवत होतो. सरकारी कार्यक्रमात हलवतो तशी, म्हणजे विश्वास न ठेवता.

पण मग ऐश्वर्याने सहज एक गोष्ट सांगितली आणि मी गारच पडलो. बाळाला घेऊन घरी आल्यावर काही दिवसांनी सरकारची एक नर्स आली. दारात बूट काढले, वजनकाटा सोबत आणला होता, पोराला तोललं. नंतर ती निघाली नाही. खुर्ची ओढून ऐश्वर्याजवळ बसली आणि विचारलं, तुला झोप लागते का? रडू येतं का? तासभर बसली, अक्का. पुन्हाही आली. आपल्याकडे सरकारी माणूस घरी आला की आपण दंडाच्या भीतीने आधी गॅलरीतल्या कुंड्या आत घेतो. आणि तिथे सरकार साता समुद्रापलीकडून आलेल्या डोंबिवलीच्या पोरीला विचारतंय, झोप लागते का!

मी हे मोठ्यांदा बोलून दाखवलं, तेव्हा भाजी निवडत बसलेली सरोज मान वर न करता म्हणाली, "मला झोप लागते का, हे एवढ्या वर्षांत तुम्हीसुद्धा विचारलं नाहीत. आणि माझा कर तर मी रोज या स्वयंपाकघरात भरतेय."

मी तिच्यापुढची निम्मी भाजी ओढून निवडायला घेतली. मी घरपट्टी दरवर्षी पहिल्या आठवड्यात भरतो, सवलत मिळते म्हणून, आणि पावती देवघराच्या खाली ठेवतो. आजवर मला वाटायचं, कर भरायचा तो कुणी आपल्याला विचारायला येऊ नये म्हणून. ते लोक भरतात तो कुणीतरी विचारायला यावं म्हणून. ही गोष्ट माझ्या सातवी पास डोक्यात मावत नाही. रात्रंदिवस तीच घोळतेय.

आता खरी पंचाईत. हितेशने सुशांतला सोडलंच नाही, घरी येऊन गेला, पगार असा सांगितला की ऐश्वर्याने पुन्हा विचारून घेतला. आणि सुशांत विचार करायला लागलाय! म्हणतो, इथे कर कमी, हातात जास्त राहील, तुम्ही दोघं जवळ. तिकडेही सगळं सोनं नाही, हेही त्याने कबूल केलं: हिवाळ्यात दुपारीच अंधार, गुडघ्याच्या ऑपरेशनला रांग, शेजारी न कळवता दार वाजवत नाही, आणि न्हावी इतका महाग की ऐश्वर्याच याचे केस कापते. (तरीच. मी भाऊबंदांत कारण वेगळं सांगितलं होतं.) मी म्हटलं, इथे दोघांच्या शाळेची फी? क्लास? दवाखाना? विमा? मग हातात जास्त राहिलेलं हातात किती दिवस राहील? तर म्हणतो, "बाबा, ठाण्याला जाऊन माझ्यासाठी रडलात तुम्ही. आता नको का म्हणताय?" माझ्याच अश्रूंनी मिळालेली नोकरी. आणि त्याने अकरा आठवडे पोर छातीशी बांधून फिरावं, अशी कंपनी ठाण्यात अजून निघायची आहे. हितेशला विचारलं, तर तो हसून म्हणाला, काका, मला मुलगा झाला तेव्हा मी साइटवर होतो.

असो. फार लिहिलं. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडलो आणि लहानांच्या डोक्यावर हात ठेवला, असं समजून घ्यावं.

तुझा,
पंढरी

ता. क. : मुख्य काम राहिलंच. सुशांतला सोमवारी सकाळी हितेशला हो की नाही कळवायचंय. त्याला कुणीतरी 'परत जा' म्हणायला हवं. मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा ठसका लागला. दुसऱ्यांदा मी त्याला, जेवलास का, असं विचारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच सर्वेशने माझी करंगळी धरली, आणि मी म्हणालो की ठाण्याला आता मेट्रो होतेय. तुझा शब्द तो मोडत नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत कशीही ये आणि त्याला सांग.

ता. क. २ : सांगताना माझं नाव घेऊ नकोस. आणि फार ठासून सांगू नकोस. एकदाच सांग.

ता. क. ३ : सरोज आत्ता विचारत होती, रविवारचं काम आणि पत्र कसलं लिहिताय, हेमाला फोन लावा की. तिला म्हटलं, अशा गोष्टी फोनवर नीट बोलता येत नाहीत. नाक्यावरच्या पेटीतलं टपाल दिवसातून एकदाच, तीन वाजता काढून नेतात. आता साडेतीन झालेत. चपला घालून निघतोच आहे.